शिंगाचा कॅन्सर आणि आमची चिंगी

बैलाच्या शिंगाला कॅन्सर होतो, हे तुमच्यापैकी किती जणांना माहीत आहे? परवा ऑफिसात जेवताना हा प्रश्न टाकून पाहिला. टेबलावर आम्ही आठ जण. सात जणांना वाटलं मी फेकतोय. आठवा मीच.

फेकत नव्हतो. शिंगाचं वरचं टरफल आपल्या नखासारखं निर्जीव असतं, पण आत हाडाचा गाभा असतो. वाढलेल्या जनावरात हा गाभा पोकळ असतो आणि ती पोकळी कपाळाच्या पोकळीला जाऊन मिळते. तिथल्या अस्तरात हा कॅन्सर सुरू होतो. जगात इतरत्र तो क्वचित दिसतो, सुमात्रा आणि ब्राझीलमधून त्याच्या नोंदी आहेत. पण खरा तो आपल्या देशी, लांब शिंगांच्या गुरांचा रोग. १९५३ मध्येच मेरठ भागातल्या आणि जुन्या बडोदा संस्थानातल्या जनावरांवरचे लेख आपल्या पशुवैद्यकांनी लिहिले होते, १९६९ मध्ये आंध्रातली पाहणी आली. गायींपेक्षा बैलांत जास्त, त्यातही खच्ची केलेल्या बैलांत, साधारण पाच ते दहा वर्षांच्या. म्हणजे ऐन कामाच्या वयात. बहुतेक वेळा एकाच शिंगाला.

आता पुण्यात बसून कोड लिहिणाऱ्या माणसाला हे सगळं कशाला हवं? कारण आमची चिंगी. राजापेठेतल्या आमच्या घरी गेली नऊ वर्षं आई-बाबांवर राज्य करणारी पांढरी कुत्री. गल्लीत सगळे तिला 'पामेरियन' म्हणतात, आहे ती आपली साधी इंडियन स्पिट्झ. असो. तर यंदा संक्रांतीच्या सुमारास आईला तिच्या पोटाखाली, मागच्या स्तनाजवळ, सुपारीएवढी गाठ लागली. मग आपण सगळे जे करतो तेच मीही केलं, रात्री दोनपर्यंत जागून वाचत बसलो. आणि वाचता वाचता लक्षात आलं की कुत्र्याच्या कॅन्सरची माहिती शोधायला निघालेला माणूस फिरून फिरून भलत्याच ठिकाणी पोचतो. बैलाच्या शिंगाशी, अंगणातल्या सदाफुलीशी, कॅलिफोर्नियाच्या दोन जिल्ह्यांशी आणि साबरमती आश्रमातल्या एका वासराशी. तोच प्रवास इथं लिहितोय.

सुरुवात घरातूनच करतो. माझे मोठे बाबा (वडिलांचे थोरले भाऊ, पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी सांगितलं) दर्यापूर तालुक्यात शेती करायचे. चिंगीबद्दल फोनवर बोलताना ते एकदम म्हणाले, "आपल्या पवळ्याले झालता ना कॅन्सर." मला वाटलं चेष्टा करतायत. पवळ्या हा आमच्या घरातला दंतकथेतला बैल, मी जन्मायच्या दहा-बारा वर्षं आधीचा.

"आधी मान झटके," ते सांगत होते. "मंग शिंग खुट्याले घासे. एक दिवस नाकातून रक्त आलं, तेबी एकाच बाजूनं. मले वाटलं पाणी पेता पेता नाकात जळू गेली. मंग ढोरायचा डॉक्टर आला, त्यानं दोन्ही शिंगं बोटानं ठोकून पाह्यले. एकाचा आवाज येगळा. भरल्या डब्यावानी."

नंतर मी पशुवैद्यकाच्या पुस्तकातली लक्षणं वाचली आणि अंगावर काटा आला. मान झटकणं, शिंग घासणं, एका नाकपुडीतून रक्ताळलेला स्राव, ठोकल्यावर बद्द आवाज, पुढं शिंग ढिलं पडून कलणं. मोठे बाबा सातवी शिकलेत, पण त्यांनी जवळपास सगळा परिच्छेद क्रमानं सांगितला होता.

मी विचारलं, मग काय केलंत? तेव्हा त्यांनी जे सांगितलं ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. चैत्र संपत आला होता, म्हणजे पेरणीला दीड-दोन महिने. पवळ्या एकटा नव्हता, त्याची जोडी होती, आणि जोडीतला एक गेला की दुसऱ्याची किंमतही अर्धी होते. बाजारात न्यावा तर रक्त आलेलं नाक कोण घेणार. डॉक्टर म्हणाले, शिंग मुळापासून कापू, आठ-दहा दिवस जखम सांभाळा, माशी बसू देऊ नका, नाहीतर अळ्या पडतील. "कापलं नाही तं?" "तं पावसाळा काढणार नाही." झालं. त्याच दिवशी गोठ्यासमोर बैल पाडला, भुलीचं इंजेक्शन दिलं आणि तारेच्या करवतीनं शिंग उतरवलं. त्यानंतर पवळ्याचे दोन पोळे निघाले, एका शिंगाला बेगड लावून. तिसऱ्याच्या आधी दुखणं परत आलं.

या निर्णयात काय काय होतं बघा. रोगाचं नाव होतं, अंदाज होता, खर्च होता, पण मध्यभागी एकच प्रश्न होता, पेरणीला बैल उभा राहील का? उत्तर 'हो' आलं म्हणून शिंग कापलं. यात मोठ्या बाबांना निष्ठुर ठरवायची घाई करू नका. पवळ्याचं नाव काढलं की ते अजूनही फोनवर गप्प होतात.

जाता जाता पोळ्याबद्दल. हा कॅन्सर का होतो याची कारणं शोधताना शास्त्रज्ञांनी ज्या गोष्टींवर संशय घेतला, त्यात जू आणि दोरी यांचं सततचं घासणं आहे, डोक्यावरचं ऊन आहे, खच्चीकरणामुळं बदललेले हार्मोन आहेत, आणि सणाला शिंगं साळून त्यावर रंग लावणंही आहे. एक असं कारण सिद्ध झालेलं नाही. पण लहानपणी पोळ्याला शिंगांना हिंगूळ फासताना आणि दुसऱ्या दिवशी तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल ओढत नेताना हे कुणाच्या डोक्यात येणार होतं!

शिंग कापण्यापुरताच इलाज नव्हता. साठच्या दशकाच्या अखेरीपासून आपल्याकडच्या पशुवैद्यकांनी बैलाच्याच गाठीचा अर्क काढून तो त्यालाच टोचायचे प्रयोग केले. शरीराची प्रतिकारशक्ती त्या गाठीवर सोडायची, हा विचार. आज माणसांच्या कॅन्सरमध्ये इम्युनोथेरपी म्हणून ज्याचा गाजावाजा आहे त्याचा हा गावठी चुलतभाऊ म्हणा. आणि दुसरं, शिंग कापल्यावर व्हिंक्रिस्टीन नावाचं इंजेक्शन द्यायचे.

या व्हिंक्रिस्टीनपाशी थोडं थांबू, कारण ते येतं सदाफुलीतून. तीच, जांभळट-गुलाबी. राजापेठेत आमच्या गल्लीत दर तिसऱ्या अंगणात आहे आणि शेजारच्या काकू शुगरसाठी रोज सकाळी तिची पानं चावतात. मूळची मादागास्करची ही वनस्पती जगभर पसरली आणि जाईल तिथं 'मधुमेहावर चांगली' असा लौकिक घेऊन गेली. १९५२ मध्ये जमैकाहून एका पेशंटनं कॅनडातल्या आपल्या डॉक्टरांना, क्लार्क नोबल यांना, सदाफुलीची पंचवीसेक पानं पाकिटातून पाठवली. त्यांनी ती आपल्या भावाकडं, रॉबर्ट नोबल यांच्याकडं सोपवली. रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर यांनी अर्क करून उंदरांना टोचला. साखर काही उतरेना, पण उंदीर जंतुसंसर्गानं मरायला लागले. पाहिलं तर त्यांच्या पांढऱ्या पेशी कोसळल्या होत्या. म्हणजे मधुमेहाचं औषध म्हणून प्रयोग फसला. पण पांढऱ्या पेशी पाडणारी गोष्ट रक्ताच्या कॅन्सरवर चालू शकेल, हे त्यांच्या लक्षात आलं. १९५८ मध्ये विनब्लास्टीन जाहीर झालं, मग अमेरिकेतल्या एली लिली कंपनीत व्हिंक्रिस्टीन वेगळं काढलं गेलं आणि १९६३ मध्ये त्याला तिथं मान्यता मिळाली. लहान मुलांच्या ल्युकेमियाच्या उपचारात ते आजही आहे.

(काकूंना हे सांगितल्यावर त्यांनी पानं चावणं थांबवलं का? नाही. पण तुमच्या कुत्र्याला गाठ आली म्हणून कुणी सदाफुलीचा काढा पाजायला सांगितलं, तर कृपा करून पाजू नका. पोत्यांनी पानं गाळावीत तेव्हा ग्रॅमात औषध निघतं, आणि तेही शिरेच्या बाहेर गळलं तर मांस जाळतं. काढ्यातून मिळतं ते फक्त विषाचं अनिश्चित माप.)

अमरावतीच्या कुत्र्यांच्या दवाखान्यातही व्हिंक्रिस्टीन असतं, पण ते एका वेगळ्याच कॅन्सरसाठी. रस्त्यावरच्या कुत्र्यांच्या गुप्तांगावर फुलकोबीसारखी लालभडक गाठ येते, तिच्यातून रक्त ठिबकतं. तुम्ही पाहिली असेल आणि मान फिरवली असेल. हा कॅन्सर एका कुत्र्याकडून दुसऱ्याला लागतो! विषाणू लागतो असं नाही, कॅन्सरच्या पेशीच एका अंगातून उठून दुसऱ्या अंगात जाऊन वाढतात. १८७६ मध्ये रशियात म्स्तिस्लाव नोविन्स्की नावाच्या पशुवैद्यानं एका कुत्र्याच्या गाठीचा तुकडा पिल्लांच्या अंगात रुजवून दाखवला. एका प्राण्याचा कॅन्सर दुसऱ्यात यशस्वीपणे रुजवल्याचं ते पहिलं उदाहरण मानतात. पुढं २००६ मध्ये इटली, भारत आणि केनियातल्या कुत्र्यांच्या गाठी जनुकीय पातळीवर तपासल्या तेव्हा कळलं की त्या सगळ्या एकाच मूळ गाठीची पिलावळ आहेत. २०१९ मध्ये ४३ देशांतल्या ५४६ गाठी तपासून केंब्रिजच्या एलिझाबेथ मर्चिसन यांच्या गटानं अंदाज दिला की हा कॅन्सर चार ते साडेआठ हजार वर्षांपूर्वी आशियातल्या कुठल्यातरी एका कुत्र्यात सुरू झाला. ते कुत्रं कधीच मेलं, गाठ अजून जिवंत आहे. जहाजांवरच्या कुत्र्यांबरोबर ती पाचशे वर्षांपूर्वी अमेरिकेतही पोचली. आमच्या धंद्यात एखादा जुना प्रोसेस सर्व्हर बदलले तरी चालूच राहतो, तसं काहीसं.

आणि हा हजारो वर्षं जगलेला कॅन्सर व्हिंक्रिस्टीनच्या आठवड्याला एक अशा चार-सहा इंजेक्शनांत बहुतेक कुत्र्यांमध्ये पूर्ण बरा होतो.

हे इतकं सविस्तर लिहिलं त्याला कारण आहे. चिंगीची बातमी पसरल्यावर पहिल्या आठवड्यात आईला तीन जणांनी सांगितलं, "काही नाही होत वहिनी, आमच्या कुत्र्यालाही कॅन्सर होता, चार इंजेक्शनांत बरा झाला." कोणी खोटं बोलत नव्हतं. त्यांचा कॅन्सर हा होता. चिंगीचा तो नव्हताच. 'कुत्र्याचा कॅन्सर' नावाचा एक रोग नाही, हे शेजाऱ्याला समजावणं कठीण. आणि रात्री दोन वाजता स्वतःला समजावणं त्याहून कठीण.

चिंगीची गाठ स्तनाची. कुत्र्यांच्या स्तनाच्या गाठींबद्दल तुम्ही काहीही वाचायला घ्या, तीन आकडे हमखास भेटतील: ०.५, ८ आणि २६ टक्के. पहिल्या माजाआधी नसबंदी केली तर धोका ०.५ टक्के, पहिल्या माजानंतर ८, दुसऱ्यानंतर २६. पुस्तकात, पत्रकात, डॉक्टरांच्या तोंडी, सगळीकडं तेच. मी सवयीनं विचारलं, हा डेटा आला कुठून?

तर तो आला कॅलिफोर्नियातल्या अलमेडा आणि कॉन्ट्रा कोस्टा या दोन जिल्ह्यांतून. तिथं १९६३ मध्ये प्राण्यांच्या गाठींची नोंदवही सुरू झाली. (योगायोग बघा, माणसांच्या कॅन्सरची भारतातली पहिली अशी नोंदवही मुंबईत सुरू झाली तीही १९६३ मध्येच.) माणसाच्या कॅन्सरबद्दल काही कळेल, या आशेनं तिथं कुत्र्या-मांजरांच्या गाठी मोजल्या जात होत्या. त्यातून श्नायडर, डॉर्न आणि टेलर यांनी १९६९ मध्ये एक लेख लिहिला, छापला तोही अमेरिकेच्या राष्ट्रीय कॅन्सर संस्थेच्या नियतकालिकात. तेच हे तीन आकडे. आणि ते टक्के 'शंभर कुत्र्यांपैकी इतक्यांना होतो' असे नाहीतच! नसबंदी न केलेल्या कुत्रीला जेवढा धोका, त्याच्या ते ०.५, ८, २६ टक्के आहेत. पण उतरवून घेणाऱ्यांनी कित्येकदा ते सरळ धोक्याचे टक्के म्हणून लिहिले आणि तेच फिरत राहिले. २०१२ मध्ये ब्रिटनमधल्या तिघा संशोधकांनी या विषयावरचे उपलब्ध अभ्यास एकत्र चाळले, तेव्हा त्यांचं मत पडलं की नसबंदीनं संरक्षण मिळतं याचा पुरावा कच्चा आहे, ठाम शिफारस करण्याइतका पक्का नाही. नसबंदीला इतर चांगली कारणं आहेत, ती करूच नये असं मी म्हणत नाही. पण एका लहानशा अभ्यासाचे तीन आकडे पन्नासहून अधिक वर्षं न तपासता कॉपी-पेस्ट होत राहतात, हे वाचून मला आमच्या कंपनीच्या कोडबेसची फार आठवण झाली :-)

नऊ वर्षांच्या चिंगीला तसाही या आकड्यांचा उपयोग नव्हता. आमच्यापुढचा प्रश्न होता, आता काय?

पहिल्या दवाखान्यात तिला टेबलावर घेऊन, गाठ दोन बोटांत धरून, मिनिटभरात निकाल दिला गेला, "कॅन्सर आहे. म्हातारी झाली. राहू द्या." आई रिक्षात रडत घरी आली. मी तेव्हा फोनवरच होतो, आणि मला राग आला तो वाईट बातमीचा नाही, बोटांनी निदान केल्याचा. कारण कुत्र्यांच्या स्तनाच्या गाठींपैकी ढोबळमानानं निम्म्याच कॅन्सरच्या असतात (मांजरांत मात्र बहुतेक सगळ्याच). कुठली कुठल्या निम्म्यातली हे बोट सांगू शकत नाही. गाठ काढून, फॉर्मॅलिनमध्ये घालून, सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी लागते. बोटानं कळतो तो फक्त आकार, आणि आकारालाही महत्त्व आहेच. तीन सेंटिमीटरच्या आतली गाठ आणि पाचच्या वरची यांच्या भवितव्यात मोठा फरक असतो. आणि चाकू लावायच्या आधी छातीचा एक्स-रे, कारण हा कॅन्सर पसरला तर बहुधा फुप्फुसात जातो. दुसऱ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी नेमकं एवढंच शांतपणे सांगितलं.

मग कुठं न्यायचं याची चर्चा. मुंबई म्हणजे परळ. परळचं बाई साकरबाई दिनशा पेटिट जनावरांचं इस्पितळ १८८४ चं. त्याच्या दहा वर्षं आधी मुंबईत प्राण्यांवरच्या क्रूरतेविरुद्धची संस्था निघाली आणि त्याच १८७४ मध्ये मुंबईत घोड्यांची ट्राम धावू लागली. इस्पितळाच्या आवारात १८८६ मध्ये पशुवैद्यक महाविद्यालय आलं. त्या काळी तिथं घरचं कुत्रं दुय्यम. रस्त्यावर राबणारे घोडे आणि गाड्यांचे बैल हा मुख्य पेशंट. त्याच परळमध्ये १९४१ मध्ये टाटा मेमोरियल उघडलं. माणसांच्या आणि जनावरांच्या कॅन्सरचे पेशंट एकाच उपनगरात, एकमेकांना न भेटता. आता २०२४ पासून महालक्ष्मीला टाटा ट्रस्टचं लहान प्राण्यांचं मोठं रुग्णालयही आहे.

आपल्या बाजूला नागपूरचं पशुवैद्यक महाविद्यालय १९५८ चं आणि अकोल्याला पदव्युत्तर संस्था. शेतीच्या प्रदेशातल्या या संस्था, तिथं गाय, म्हैस, बैल यांना पहिला मान असणं साहजिकच. पण गाठी कापून, तपासून, मोजून शिकलेली माणसं तिथं आहेत आणि ते शिक्षण बैलांच्या शिंगांवरही झालेलं आहे. अकोला आम्हाला शंभर किलोमीटर, नागपूर दीडशे, मुंबई रात्रभराची गाडी. आणि गाडीत कुत्रं न्यायचं तर फर्स्ट एसीचा पूर्ण कूपे घ्या, नाहीतर गार्डच्या डब्यातल्या पेटीत ठेवा. चिंगी दिवाळीच्या फटाक्यांना पलंगाखाली तीन दिवस काढते. तिला त्या पेटीत घालायचं आईनं साफ नाकारलं. मला वाटतं उपचाराच्या निर्णयात ही गोष्ट 'भावनिक' म्हणून बाजूला टाकण्यासारखी नाही. प्रवासाचा त्रास हा उपचाराचाच दुष्परिणाम आहे.

शेवटी एक्स-रे आणि ऑपरेशन अमरावतीतच झालं. छाती स्वच्छ होती. गाठ दोन सेंटिमीटरची, बाटली तपासणीला पुण्याला मीच घेऊन आलो (बसमध्ये शेजारच्यानं विचारलं, लोणचं का म्हणून). रिपोर्ट आला: कॅन्सरच, पण सौम्य प्रतीचा, कापलेल्या कडा साफ.

आता केमोथेरपी द्यायची का? आई म्हणाली, जे असेल ते करा. मोठे बाबा म्हणाले, "कायले जीव खाता तिचा." आणि मी परत आकड्यांकडं गेलो.

इथं मला सगळ्यात महत्त्वाची गोष्ट कळली. कुत्र्यांच्या कॅन्सरच्या प्रत्येक अभ्यासात एक आकडा असतो, मध्यक आयुष्य. निम्मी कुत्री इतके दिवस जगली. मध्यकाची मर्यादा आपल्याला ठाऊक असते. स्टीफन जे गूल्ड या शास्त्रज्ञाला १९८२ मध्ये एक दुर्मीळ कॅन्सर झाला, मध्यक आयुष्य आठ महिने. तो २००२ पर्यंत जगला आणि मधल्या काळात मध्यक कसा वाचावा यावर त्यानं एक प्रसिद्ध निबंध लिहिला. पण जनावरांच्या आकड्यात आणखी एक गोम आहे. अमेरिका-युरोपातल्या अभ्यासांत बहुतेक कुत्री आपसूक मरत नाहीत, मालक त्यांना दयामरण देतो. म्हणजे 'जगण्याचे दिवस' हे रोगाचं माप नाही, मालकानं कधी ठरवलं त्याचंही माप आहे. सर्व्हर किती दिवस चालला हे मोजायचं आणि त्यात माणसानं हातानं बंद केलेलेही धरायचे, असा प्रकार. आपल्याकडं, जिथं कितीतरी घरांत इंजेक्शन देऊन संपवणं ही कल्पनाच सहन होत नाही, तिथं तो आकडा उचलून वापरताच येत नाही. पवळ्याचे 'दोन पोळे' सुद्धा मोठ्या बाबांनी त्याला बाजारात काढला नाही म्हणून झाले.

दयामरणाचा विषय निघालाच आहे तर १९२८ चं साबरमती आश्रमातलं वासरू आठवायला हवं. ते लंगडं झालेलं, आजारी, असह्य वेदनेत. आकारानं मोठं, त्यामुळं उचलता येईना, कूस बदलणंही त्याला यातनामय. खाणं सुटलेलं, अंगावर माश्या. तज्ज्ञानं हात टेकले. गांधींनी आश्रमातल्या लोकांशी चर्चा केली, एकानं हरकत घेतली की जे देता येत नाही ते घ्यायचा अधिकार कुणाला? तरी शेवटी त्यांनी डॉक्टर बोलावून, स्वतः समोर उभं राहून वासराला विषाचं इंजेक्शन द्यायला लावलं. दोन मिनिटांच्या आत संपलं. मग हे सगळं त्यांनी 'नवजीवन'मध्ये लिहून टाकलं आणि देशभरातून संतापाची पत्रं आली. पुढं हाच माणूस आमच्या शेजारी, वर्ध्याजवळ सेवाग्रामला येऊन राहिला.

मला त्या प्रकरणात तत्त्वज्ञानापेक्षा यादी लक्षात राहिली. खाता येतं का, कूस बदलता येते का, माश्या हाकलता येतात का, दुखणं थांबवता येतं का. २००४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या अ‍ॅलिस व्हिलालोबोस या पशुकॅन्सरतज्ज्ञ बाईंनी कुत्र्या-मांजरांसाठी एक मोजपट्टी काढली. दुखणं, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल, आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का, असे सात मुद्दे, प्रत्येकाला दहापैकी गुण. पस्तिसाच्या वर असेल तर पुढं चालू ठेवायला हरकत नाही. ती वाचताना मला सारखं ते वासरू दिसत होतं. पवळ्याच्या वेळचा पेरणीचा प्रश्न या यादीत कुठंही नाही, आणि माझ्या मते आमच्या दोन पिढ्यांतला खरा बदल हा आहे. चिंगीला काही कामच नाही. त्यामुळं तिच्यासाठी निर्णय घ्यायचा तर तिच्याकडंच बघावं लागतं.

केमोचं म्हणाल तर ऑपरेशननंतर ती दिल्यानं स्तनाच्या कॅन्सरच्या कुत्र्या जास्त जगतात, याचा पुरावा तुटपुंजा आहे. गाठ लहान, सौम्य आणि कडा साफ असताना तर आणखीच. यात नवलही नाही. कुत्र्यांसाठी खास म्हणून बनवलेल्या कॅन्सरच्या पहिल्या औषधाला अमेरिकेत मान्यता मिळाली ती २००९ मध्ये, आणि तेही त्वचेच्या वेगळ्या गाठीसाठी. बाकी सगळी माणसांची उसनी औषधं, माणसांसाठी विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं. डॉक्टरांना हे विचारलं तेव्हा तेही म्हणाले, मी माझ्या कुत्रीला दिली नसती. आम्ही दिली नाही. दर तीन महिन्यांनी छातीचा एक्स-रे आणि आईची रोजची तपासणी, एवढंच ठरलं.

पण आणखी एक गोष्ट बाबांच्या आग्रहानं केली. चिंगी आत्ता चांगली आहे, डोकं शांत आहे, तर आत्ताच लिहून ठेवू, पुढं काय दिसलं म्हणजे थांबायचं. बाबा बँकेतून रिटायर झालेत, त्यांना सगळं लेखी लागतं. तिघांनी बसून लिहिलं, मी फोनवर. संध्याकाळी सहाला फाटकाशी येणं बंद झालं तर. दुधात कुस्करलेली पोळी दोन दिवस नाकारली तर. श्वास घेताना पोट उडायला लागलं तर. आईनं ते कालनिर्णयच्या मागच्या पानावर लिहून ठेवलंय, दुधाच्या हिशोबाखाली. मोठ्या बाबांना वाचून दाखवलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "दूधवाल्यावर भुकणं बंद झालं तं, हेबी टाक." टाकलं.

पहिले दोन एक्स-रे साफ आले. तिसरा पोळ्याच्या आसपास आहे, त्या आठवड्याची रजा मी आत्ताच टाकून ठेवली आहे.